घडी एकच हवी

ऑफिसातली निम्मी पोरं विचारतात, "पाकीट हवंच कशाला?" आणि त्यांचं फारसं चुकत नाही. मीही सात-आठ महिने नुसत्या मोबाइलवर काढले. मग कार्डहोल्डर घेतला, तो जेमतेम एक पावसाळा चालला. आता दीडेक वर्ष एक लहानसं, दोन पानी चामडी पाकीट पँटच्या पुढच्या खिशात आहे. माझा रोजचा रस्ता डोंबिवली ते घाटकोपर लोकलने आणि पुढे मेट्रोने चकाला. ज्याचा दिवस स्वतःच्या गाडीत जातो त्याला यातलं निम्मं लागू पडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मोबाइलचं आधी घेऊ, कारण ते भांडण लवकर मिटतं. पैसे देण्यापुरतं बोलायचं तर तो जिंकलाच आहे. यूपीआय लाइट आल्यापासून वडापावसाठी पिन टाकत उभं राहावं लागत नाही. डिजिलॉकरमधलं लायसन्स ट्रॅफिक पोलिसाला चालतं, आणि नियमानेच चालतं. पण 'फक्त मोबाइल'वाल्यांचं कव्हर काढून बघा. मागे पाचशेची बारीक घडी केलेली नोट निघते, कधीकधी एटीएम कार्डसुद्धा. अडीअडचणीला म्हणून. माझीही होती. एका सकाळी घाटकोपरला उतरताना मागून रेटा आला, मोबाइल हातातून सुटला आणि डबा-फलाटाच्या फटीतून थेट रुळांवर. पास त्यात, पैसे त्यात, कव्हरमागची नोटही त्याच्याच पाठीला. बायकोचा नंबर आपल्याला पाठ नाही, हेही तेव्हाच कळलं. एका ओळखीच्या माणसाकडून दोनशे रुपये घेऊन दिवस काढला. असं रोज घडत नाही, कबूल. पण बॅटरी तर कोणाचीही संपते.

कार्डहोल्डरबद्दल मात्र मला अजून हळहळ वाटते, कारण वस्तू छान होती. खिशात आहे की नाही ते कळायचं नाही. गर्दीत पुढच्या खिशातून कोणी पाकीट मारील ही धास्तीही नाही. पाच कार्डं बसायची आणि मधे एक कप्पा, खास नोटांसाठी. माझं सगळं बिनसलं ते त्या कप्प्यावरून.

पाचशेची नोट १५० मिमी लांब आणि ६६ मिमी रुंद असते. कार्ड असतं ८५.६ बाय ५४, आणि कार्डहोल्डर त्याच मापाने शिवलेला. नोट मधोमध दुमडली की लांबी बसते, पण रुंदी सेंटीमीटरभर जास्तच होते, ती वर डोकावते. म्हणून दुसरी घडी, आडवी. म्हणजे एका नोटेचे चार पदर झाले, पाच नोटांचे वीस. त्यात कोरी नोट घडी धरत नाही, उसळून उघडू बघते. हे सगळं घरी निवांत बसून करायला काही वाटत नाही. फजिती होते ती सुट्टे परत येतात तेव्हा.

संध्याकाळी सव्वाआठला डोंबिवली स्टेशनबाहेर भाजी घेतली. तिथे त्या वेळेला माझं नेटवर्क हमखास गोल गोल फिरत बसतं. पाचशेची नोट दिली. एटीएममधून दुसरं काही निघालंच नव्हतं. मावशींनी तीनशे सत्तर परत केले: दोन शंभराच्या, सहा विसाच्या, पाच दहाच्या, त्यातल्या एकीला चिकटपट्टी. वरून पाऊस, एका हातात पिशवी आणि छत्री, समोर शेअर रिक्षावाला "एक सीट, एक सीट" करतोय. अशा वेळी तेरा ओलसर नोटांच्या चौपदरी घड्या कोण घालत बसणार? मी त्या शर्टाच्या खिशात कोंबायचो.

शर्टाचा खिसा म्हणजे थेट वॉशिंग मशीन. "अरे, तुझ्या खिशातून आज पुन्हा एकशेदहा निघाले," अशी हाक आठवड्यातून एकदा तरी यायची. आपल्या नोटेचा कागद कापसाचा असतो, त्यामुळे ती धुण्यातून वाचते. पण बाहेर येते ती सुरकुतलेली, मऊ, जुन्या रुमालासारखी. बायको आधी त्या चिमटे लावून दोरीवर वाळत घालायची, मग उलथ्या शर्टाखाली ठेवून इस्त्री फिरवायची. तिसऱ्या वेळेपासून धुलाईची मजुरी म्हणून ठेवूनच घ्यायला लागली. एक दिवस हिशेब केला: कार्डं कार्डहोल्डरात, पैसे शर्टात, चिल्लर बॅगेत. म्हणजे पाकीट म्हणून मी शर्टच वापरत होतो.

दोन पानी पाकिटात नोट एकदाच दुमडते. माझ्यापुरता निकाल तेवढ्यावर लागला. पाकीट उघडायचं, हातात आल्या तशा उलट्यासुलट्या नोटा सारायच्या, मिटायचं. एका हाताने होतं आणि रिक्षावाला थांबतो. कार्डहोल्डरपेक्षा ते जाड आहे, खिशात जाणवतं, त्यात वाद नाही. पण मागच्या खिशात ठेवून त्यावर बसलो तरच कंबर बोलते. पुढे ठेवायचं ठरवलं की जाडीवर आपोआप लगाम बसतो.

घेताना माप मात्र बघा. माझ्याकडे बाबांचं जुनं पाकीट होतं, चामडं अजूनही उत्तम, पण ते हजाराच्या नोटेच्या काळातलं. ती नोट १७७ मिमी लांब आणि ७३ मिमी रुंद होती. नोव्हेंबर २०१६ ला ती गेली, आणि त्यानंतरच्या मालिकेत ६६ मिमीहून रुंद नोटच नाही. त्या पाकिटात आजच्या नोटा तळाशी जाऊन बसतात, दोन बोटं घालून उकराव्या लागतात. मी धारावीत चामड्याच्या दुकानांमधून फिरताना खिशातली पाचशेची नोट प्रत्येक पाकिटात घालून बघितली. दुकानदार हसले, हसू दे. माझ्या पाकिटाचा एक दोष सांगायला हवा: जुनी, मोठी शंभराची नोट त्यात पूर्ण मावत नाही, कड बाहेर राहून मुडपते. अशी नोट आली की मी ती सगळ्यात आधी खपवतो.

आत काय, ते थोडक्यात. एक डेबिट कार्ड. मूळ लायसन्स, कारण मोबाइल पडल्यापासून माझा डिजिलॉकरवर विश्वास आहे, मोबाइलवर नाही. आधार आणि पॅन घरी. पाचशेच्या दोन, शंभराच्या तीन-चार, बाकी सुट्टे. एका चिठ्ठीवर बायकोचा आणि भावाचा नंबर आणि रक्तगट. मेट्रोचं कार्ड बाहेरच्या कप्प्यात एकटं. बँकेच्या टॅपवाल्या कार्डाला खेटून ठेवलं की गेटला दोन्ही एकदम दिसतात आणि ते उघडेनासं होतं, मागची रांग काय बोलते ते ऐकलंय मी. टॅपने पिनशिवाय पाच हजारांपर्यंत जातात, म्हणून बँकेच्या ॲपमधून ती मर्यादा मी खाली आणली आहे. खिशातल्या कार्डावरून कोणी परस्पर पैसे काढील, या भीतीपोटी 'आरएफआयडी ब्लॉकिंग'च्या, म्हणजे कार्डाचा सिग्नल अडवणाऱ्या अस्तराच्या नावाखाली कोणी जादा पैसे मागत असेल तर मी तरी देणार नाही. कार्ड मशीनच्या चार-पाच सेंटीमीटर जवळ न्यावं लागतं, आणि ॲपमध्ये टॅप बंदही करता येतो. नाण्यांना पाकिटात जागा नाही, ती बॅगेच्या छोट्या कप्प्यात.

कार्डहोल्डर फेकला नाही. तो आता बायकोच्या पर्समध्ये असतो. तिथे नोटांना वेगळी चेन आहे, त्याला फक्त कार्डं सांभाळायची आहेत, आणि ती त्यावर खूश आहे. तुम्हीही खांद्याला बॅग लावून फिरत असाल आणि सुट्टे तिच्यात टाकायची सवय असेल, तर माझ्या बोलण्याकडे थोडं दुर्लक्ष करा आणि तोच घ्या.