पीयू की इपॉक्सी? जळगावातून बोर्ड घेताना

"काय भो, कूलरचं झाकण का?" जळगाव स्टेशनवर सर्फबोर्ड काखेत घेऊन उभं राहिलं की हा प्रश्न ठरलेला. मंगला एक्स्प्रेसने उडुपी आणि तिथून बसने मुल्की, म्हणजे कर्नाटकच्या किनाऱ्यावरचं सर्फिंगचं गाव, हा माझा गेल्या काही वर्षांचा शिरस्ता. आता धुळ्याचे दोन मित्र स्वतःचा पहिला बोर्ड घ्यायचा म्हणतात. पीयू घ्यावा की इपॉक्सी, हे त्यांना ठरत नाही. मी दोन्ही वापरलेत, म्हणून हा लेख.

आधी नावाचा घोळ. दुकानदार 'इपॉक्सी' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आत ईपीएस असतं, म्हणजे आपला गणपतीच्या मखराचा थर्मोकोल, आणि वर फायबरग्लासचं कापड इपॉक्सी रेझिनने, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवाने, बसवलेलं. पीयूमध्ये आत पॉलियुरेथेन फोम आणि वर पॉलिस्टर रेझिन. पण पीयू फोमवर इपॉक्सी रेझिन लावलेले बोर्डही मिळतात. तेव्हा नुसत्या शब्दावर जाऊ नका, आत काय आहे ते विचारा.

इपॉक्सी नवीन म्हणून चांगला, असंही समजू नका. पीयूचे ठोकळे पुरवणारी कॅलिफोर्नियातली क्लार्क फोम ही कंपनी ५ डिसेंबर २००५ रोजी एका दिवसात बंद झाली. मालच मिळेना, तेव्हा बरेच कारागीर थर्मोकोलकडे वळले. पीयूत खोट निघाली म्हणून तो मागे पडला असं काही नाही.

आता पाण्यातला फरक. थर्मोकोलवाला हलका, पाण्यावर उंच तरंगतो. लाट नीट उठायच्या आत पळायला लागतो. दोन-तीन महिन्यांनी एकदा पाण्यात उतरणाऱ्या माझ्यासारख्याला हे मोठंच सुख. पायाखाली दाबला तर लवतो कमी, आणि जेवढा लवतो तेवढा चटकन उसळून सरळ होतो. सकाळी सहाला पाणी तेलासारखं असताना मजा येते. उशिरा समुद्रावरून वारा सुटला की तोच बोर्ड खडीच्या रस्त्यावरच्या रिकाम्या छकड्यासारखा खडखडतो, सगळं तळपायात येतं. पीयूवर लाट पकडायला दोन हात जास्त मारावे लागतात. पण उभं राहिल्यावर तो कापसाने भरलेल्या गाडीसारखा चालतो. धक्के पोटात घेतो, वळणात सावकाश लवतो, सावकाश सरळ होतो, आणि कधी सरळ होणार ते पायाला आधी कळतं.

यात फ्लेक्सचा, म्हणजे लवण्याचा, वाटा किती आणि नुसत्या वजनाचा किती, हे मी मोजलेलं नाही. माझा आपला अंदाज असा की पावणेतीन इंच जाडीचा बोर्ड माझ्या ७४ किलोंनी, कमरेएवढ्या लाटेत, फारसा वाकत नसावा. बोर्ड पातळ, लाट जोरकस आणि पाय तयार असतील तर गोष्ट वेगळी.

माझा निर्णय मात्र जळगावच्या एका शेडमध्ये झाला. परतीच्या प्रवासात कोणाची तरी लोखंडी पेटी थर्मोकोलवाल्याच्या कडेवर आदळली. बोटभर भेग. इथे सर्फबोर्ड दुरुस्त करणारा कुठून आणायचा? पण कूलरचे फायबरचे टप जोडणारे आहेत. शेवटी फायबर ते फायबर, असं मला वाटलं. कारागीर म्हणाला, "ठेवा भाऊ, टपापेक्षा सोपं काम." त्याने भेग घासली, हार्डनर मिसळून रेझिन ओतलं. ते आत गेलं आणि गेलंच. पुन्हा ओतलं, पुन्हा गायब. मग भेगेशेजारची कड अंगठ्याखाली सादळलेल्या पापडासारखी दबायला लागली. कापून पाहिलं तर आत मूठ मावेल एवढी पोकळी.

टपाचं रेझिन पॉलिस्टरचं असतं, त्यात स्टायरिन असतं, आणि स्टायरिन थर्मोकोल विरघळवतं. मखराला चुकीचा गोंद लावून भोक पाडलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं. मी ते लहानपणी पाडलेलं आहे, तरी सुचलं नाही. कारागिराला बोल लावत नाही, आत काय आहे हे मीच त्याला सांगितलं नव्हतं.

थर्मोकोलला इपॉक्सीच लागतं. ते मागवता येतं, पण दोन्ही भाग अचूक मोजून मिसळावे लागतात आणि सुकेपर्यंत वाट पाहावी लागते. तोवर भेग तशीच ठेवून पाण्यात गेलात तर दाण्यादाण्यांमधून पाणी झिरपतं आणि बोर्ड नंतर कोपऱ्यात उभा राहून गळत बसतो. पीयूही पाणी पितो, पण माझ्या अनुभवात सावकाश. पुढच्याच वर्षी पीयूची शेपटी फुटली. तीच शेड, तेच टपाचं रेझिन, दुपारी काम झालं. ठिगळ जरा पिवळट दिसतं, एवढंच.

उन्हाचं वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना बंद गाडीत कुठलाच बोर्ड ठेवू नका, कापड फोमपासून सुटून फुगे येतात. थर्मोकोलवाल्यात आतली हवा फुगते, म्हणून काहींना व्हेंटचा, म्हणजे हवा सोडायचा, स्क्रू असतो. तो उघडायचं लक्षात राहतं, पाण्यात शिरण्याआधी बंद करायचं राहत नाही.

इपॉक्सीची बाजूही सांगतो. टाचांचे खळगे त्याला कमी पडतात. माझ्या पीयूची पाठ एका हंगामात चेपलेल्या परातीसारखी झाली, शिवाय उन्हाने पिवळी पडली. मंगळुरू-चेन्नईला नोकरी असेल, दुरुस्तीवाला हाकेच्या अंतरावर असेल, तर इपॉक्सीच घ्या म्हणेन. धुळ्यात राहून वर्षातून चारदा जाणार असाल तर तुमचं तुम्ही ठरवा. मी मात्र दुसराही पीयूच घेतला.

त्या शेडमध्ये आता बोर्ड नेला की कारागीर रेझिनच्या डब्याला हात लावायच्या आधी नखाने भेग उकरून बघतो. "भाऊ, मखर नाही ना आणलं?"