मेम्ब्रेनआधी तुरटी, पीएसी की काहीच नको?

पावसाळ्यात गोव्यातल्या सत्तरी-फोंड्याकडच्या ओढ्यांचं पाणी चिऱ्याच्या मातीनं तांबडं होतं. असं पाणी वापरणाऱ्या सोसायटीनं अल्ट्राफिल्ट्रेशन (अतिबारीक छिद्रांच्या पडद्यातून, म्हणजे मेम्ब्रेनमधून, पाणी गाळणं) घ्यायचं ठरवलं, की पहिला प्रश्न येतो तो मेम्ब्रेनआधी काय करायचं याचा: तुरटी घालायची, पीएसी (पॉलीॲल्युमिनियम क्लोराइड, तुरटीसारखंच ॲल्युमिनियमचं रसायन) सोडायचं, की काहीच नको?

काहीच न करता पाणी थेट सोडलं तर? मातीचे कण बहुतेक वरच अडतात आणि बॅकवॉशला (उलट्या दिशेनं पाणी सोडून मेम्ब्रेन धुताना) निघून जातात. खरा त्रास कुजलेल्या पाल्याच्या विरघळलेल्या अर्काचा. तो ०.०१ ते ०.१ मायक्रॉनच्या छिद्रांत शिरून चिकटतो, मग कॉस्टिक सोडा आणि क्लोरीननं धुतल्याशिवाय सुटत नाही. विहिरीचं पाणी बारा महिने नितळ असेल तर मात्र रसायनावर पैसे घालू नका.

तुरटी घालून मातीच्या बारीक कणांच्या गुठळ्या करणं आणि पाणी टाकीत निवळवणं ही जुनी, भरवशाची रीत. कितीही गढूळ पाणी आलं तरी गाळ टाकीतच राहतो. पण टाकीला जागा लागते, गाळाची सोय करावी लागते आणि आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. जांभ्या दगडातलं पाणी मऊ, त्यात क्षारता (आम्ल सोसून पीएच टिकवायची ताकद) कमी. लिटरला २० मिलिग्रॅम तुरटी सुमारे १० मिलिग्रॅम क्षारता खाते. पीएच फार उतरला की ॲल्युमिनियम विरघळून मेम्ब्रेनच्या पार जातं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरला ०.०३ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ०.२ पर्यंत चालतं. म्हणून क्षारता भरून काढायला सोबत चुना हवाच.

तिसरी रीत म्हणजे मेम्ब्रेनच्या आधी पाइपातच डोसिंग पंपानं पीएसी सोडणं. ते क्षारता कमी खातं. इथे गुठळी जड होऊन बसायची गरज नाही, टाचणीच्या डोक्याएवढी झाली की पुरे. तिचा मेम्ब्रेनवर सैल थर बसतो आणि बॅकवॉशला सालासारखा सुटतो. तो पाल्याचा अर्कही गुठळीत अडकून बाहेरच राहतो. लहान सोसायटीला मी हीच रीत सुचवेन, पण ओढ्याचं पाणी घेत असाल तर जून ते सप्टेंबरसाठी आधी निवळण टाकी ठेवाच, नाहीतर गुठळ्यांनीच मेम्ब्रेन भरते. पॉलिमर (गुठळ्या मोठ्या करायला वापरतात ते चिकट रसायन) मुळीच घालू नका. जास्तीचं पॉलिमर मेम्ब्रेनला कायमचं चिकटतं.

डोस विक्रेत्याच्या कागदावरून ठरवू नका. जोराचा पाऊस पडून गेला की त्याच दिवशीचं पाणी चार-पाच बरण्यांत घ्या, प्रत्येकीत वेगळा डोस घालून ढवळा आणि वरचं पाणी गाळून पाहा. ज्या सर्वांत कमी डोसला त्याचा चहासारखा रंग जातो, तिथून सुरुवात करा.