टेबलावरच मासे दाखवणारा फिश फाइंडर

फिश फाइंडर म्हणजे पाण्याचा तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं बोटीवरचं मशीन. त्याचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे आवाज सोडून परतीचा आवाज ऐकणारा भाग, पाण्यात नसेल तर पडद्यावर पोहणारा मासा त्या क्षणीचा खरा मासा असूच शकत नाही. विक्रेता कोरड्या टेबलावर मशीन चालू करून मासे दाखवू लागला, की व्यवहार तिथेच थांबवा. मला असंच मशीन विकलं गेलं. ते कसं विकलं गेलं हे सविस्तर लिहितोय, कारण हीच युक्ती आणखी कितीतरी जणांवर चालत असणार.

टेबलावर पडदा जिवंत दिसत होता. तळाची जाड रेघ वर-खाली होत होती, खोलीचा आकडा बदलत होता, मधूनच मोठ्या माशाच्या कमानी (मासा पडद्यावर कमानीसारखा उमटतो) सरकत होत्या. बटण दाबलं की चित्र मोठं होई, सेन्सिटिव्हिटी (क्षीण प्रतिध्वनीही पकडण्याची क्षमता) वाढवली की ठिपके वाढत. विक्रेता म्हणाला, "साहेब, हे मागच्या फेरीचं रेकॉर्डिंग आहे, याच मशीनने घेतलेलं." पडद्याच्या एका कोपऱ्यावर वॉरंटीचं स्टिकर चिकटवलेलं होतं. "ते काढलं तर वॉरंटी जाईल," असंही त्याने बजावलं. नंतर स्टिकर काढल्यावर खाली बारीक अक्षरांत शब्द होता: सिम्युलेटर, म्हणजे मशीनमध्येच भरलेला नकली चित्रांचा डेमो.

जवळपास सगळ्याच कंपन्यांच्या मशीनमध्ये हा डेमो असतो आणि त्यात वाईट काही नाही. बटणं शिकायला तो उपयोगीच आहे. काही मशीन तर ट्रान्सड्यूसर जोडलेला नसेल तर आपणहूनच डेमोत जातात. डेमोला खरं रेकॉर्डिंग म्हणून खपवणं, ही लबाडी. विकत घेताना मी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता, तोच पुढे पुरावा ठरला. घरी वायर काढून डेमो लावला, तर तेच मासे, त्याच क्रमाने, त्याच खोलीवर. दोन्ही व्हिडिओ शेजारी ठेवले की लहान मुलालाही कळेल.

पाण्यात काय झालं ते सांगण्याआधी यंत्राचं काम थोडं समजून घ्यायला हवं, कारण पुढची फसवणूक त्या कामाच्याच आड लपली होती. ट्रान्सड्यूसर विजेचं रूपांतर आवाजाच्या ठोक्यात करतो. तो ठोका तळावर किंवा माशावर आपटून परततो आणि परतीला लागलेल्या वेळावरून मशीन खोली काढतं. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, म्हणजे 30 मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी 0.04 सेकंदात परत येतो. माशाकडून येणाऱ्या प्रतिध्वनीचा बहुतेक भाग त्याच्या शरीरातल्या हवेच्या पिशवीचा असतो. शार्कसारख्या ज्या माशांना ती पिशवीच नसते, ते पडद्यावर फार फिके उमटतात. म्हणजे पडदा फक्त दाखवतो, ऐकण्याचं सगळं काम ट्रान्सड्यूसरचं. आणि माझ्या खोक्यात ट्रान्सड्यूसरच भलता भरला होता.

मशीन 50 आणि 200 किलोहर्ट्झ अशा दोन्ही फ्रिक्वेन्सींचं (फ्रिक्वेन्सी म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा कंप पावतो ते), पण सोबतचा ट्रान्सड्यूसर फक्त 200 चा, तोही दुसऱ्याच बनावटीचा. पिना जुळत नव्हत्या म्हणून वायर कापून मशीनच्या प्लगला जोडली होती आणि जोडावर काळी नळी चढवली होती. वरून पाहिलं तर कंपनीचंच काम वाटावं. 200 किलोहर्ट्झ उथळ पाण्यात बारकावे छान दाखवतं, पण समुद्राचं पाणी ही फ्रिक्वेन्सी लवकर शोषून घेतं. खोलवर जायला 50 च लागते. मला मात्र तीनशे मीटरपर्यंतचा तळ दिसेल असं छातीठोकपणे सांगितलं गेलं होतं.

पाण्यात पडद्यावर कधी नुसत्या आडव्या रेघा, कधी आकडा. दोरीला शिसं बांधून मोजलं तर सात मीटर, मशीन चौदा दाखवत होतं. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कडक तळ आणि उथळ पाणी असेल तर चांगलं मशीनही दुप्पट खोली दाखवू शकतं, कारण आवाज तळावरून वर येतो, पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जातो आणि मशीन तो दुसरा प्रतिध्वनी पकडतं. सेन्सिटिव्हिटी कमी केली की चांगलं मशीन ताळ्यावर येतं. माझं आलं नाही. इंजिन बंद करून, बोट स्थिर ठेवूनही तेच, त्यामुळे पंख्याच्या बुडबुड्यांचा दोष म्हणावा तर तोही नाही.

फोन केल्यावर विक्रेत्याची उत्तरं रोज बदलत गेली. आधी ट्रान्सड्यूसर थोडा खाली बसवा, मग सॉफ्टवेअर अपडेट करा, शेवटी "तुमच्या पाण्यात मासेच नाहीत." हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. मासा नसेलही, पण तळ तर आहे ना? ज्याला तळ सापडत नाही, त्याला मासा कुठून सापडणार?

खोक्यावर 4000 वॅट छापलं होतं. तो आकडा पीक-टू-पीक, म्हणजे लाटेच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत मोजलेला आहे. आरएमएस वॅट, म्हणजे सरासरी धरून मोजलेली ताकद, त्याच्या एक-अष्टमांश, म्हणजे 500. छापलेला आकडा खोटा नाही, पण विक्रेत्याने शेजारच्या 600 वॅट आरएमएसच्या मशीनकडे बोट दाखवून "हे त्याच्या सहापट ताकदवान" असं सांगितलं. प्रत्यक्षात ते शेजारचंच जास्त ताकदीचं होतं. दोन मशीन ताडून बघताना दोन्हींचे आरएमएस आकडे विचारा. ते सांगायला टाळाटाळ झाली तर समजून जा.

"मासा कुठला आणि किती वजनाचा हे चिन्हावरून कळतं," हाही त्याचा दावा होता. माशाचं चिन्ह म्हणजे सॉफ्टवेअरचा अंदाज. बुडबुडे, पाणवनस्पती, तरंगता कचरा, यांनाही ते मासा ठरवतं. जात तर ते ओळखतच नाही. चिन्हं बंद करून कमानी वाचायला शिकावं. कमानीची लांबी म्हणजे माशाची लांबी नव्हे, तो आवाजाच्या झोतात किती वेळ होता ते त्यातून कळतं. स्थिर बोटीखाली थांबलेला छोटा मासाही लांबलचक रेघ काढतो.

पैसे परत मिळालेले नाहीत. लेखी तक्रार केली आहे, दोन्ही व्हिडिओ आणि कापलेल्या वायरचे फोटो जोडले आहेत. अडचण एकच, बिलावर फक्त "फिश फाइंडर संच" असं लिहिलंय. तुम्ही घ्याल तेव्हा मशीन आणि ट्रान्सड्यूसर या दोन्हींचे मॉडेल व सिरीयल नंबर बिलावर वेगवेगळे लिहून घ्या आणि वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांनी चाचपून बघा, मध्ये कुठेही गाठ किंवा फुगवटा नको. बोटीवर नेऊन शिशाच्या दोरीशी खोली ताडून बघणं ही खरी चाचणी. विक्रेता त्याला तयार नसेल, तर निदान डेमो बंद करायला लावून ट्रान्सड्यूसर बादलीत बुडवा. इतक्या उथळ पाण्यात खोलीचा आकडा भरवशाचा नसतो, पण ट्रान्सड्यूसरमध्ये तापमानाचा सेन्सर असेल तर कोमट पाणी ओतल्यावर पडद्यावरचं तापमान चढायला हवं. कान लावला तर बहुतेक वेळा बारीक टिकटिकही ऐकू येते. ती फक्त आवाज पाठवल्याची खूण आहे, परत आलेला आवाज पकडल्याची नाही, म्हणून तेवढ्यावर पैसे मोजू नका.