डबा थंड होता म्हणून मी ३१ हजारांना फसलो

आधीच सांगतो, मी काही अगदीच अडाणी नाही, कॉलेजात असताना पहिला पीसी स्वतः जोडला होता, तरी फसलो. म्हणून लिहून राहिलो.

आमचं गाव हिंगणघाटपासून आत. दिवाळीनंतर पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस असतो आणि त्याचा बारीक रुवा घरभर उडत राहतो. जुन्या पीसीच्या पंख्यात तो असा जाम बसायचा की रात्री पिक्चर लावला की नुसती घरघर, मग बाबा बाजेवरून ओरडायचे, "बंद कर ना बे थे चक्की!" तेव्हापासून डोक्यात बसलं होतं की पंखाच नसलेला पीसी घ्यायचा, टीव्हीला जोडायचा, पिक्चर पण पाहायचे आणि भाचा आला की गेम पण.

असा पीसी खरंच असतो, ती थाप नाही. प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा बसतो, त्यातून हीट पाइप निघतात आणि कॅबिनेटच्या जाड ॲल्युमिनियमच्या भिंतीला घट्ट जोडलेले असतात, म्हणजे पूर्ण डबाच उष्णता बाहेर टाकतो. पण नवा घ्यायला गेलं की कॅबिनेटचेच एवढे पैसे होतात की नाद सोडावा, म्हणून सेकंडहँड सामानाच्या ॲपवर शोधत होतो आणि जानेवारीत जाहिरात दिसली. "फॅनलेस होम थिएटर गेमिंग पीसी, आय फाइव्ह, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी १०५० टीआय, एकदम सायलेंट." १०५० टीआय म्हणजे गेमसाठीचं ग्राफिक्स कार्ड. फोटोत काळा डबा, बाजूला पाती पाती.

साडेचार क्विंटल कापसाचे पैसे नुकतेच हातात आले होते. एसटीनं नागपूरला गेलो. भाड्याची खोली, कोपऱ्यात हिरवा कूलर, माणूस बोलायला एकदम गोड. आय फाइव्ह नावाचे प्रोसेसर जुने-नवे सगळेच असतात, म्हणून मी विचारलं, आय फाइव्ह कोणत्या जनरेशनचा, म्हणजे कोणत्या पिढीचा? म्हणाला, "लेटेस्ट आहे भाऊ." एक पिक्चर लावून दाखवला, छान चालला, आणि मग माझा हात धरून डब्यावर ठेवला. "पाहा, गरम होते का?" डबा गारच. मी खूश. अर्धे यूपीआयनं दिले, अर्धे नगदी. निघताना म्हणाला, "खोलू नका बरं, सील तुटलं की वॉरंटी गेली, अन् आत फिरणारं काही नाहीच तर खोलायचं काहून?"

आता इथंच माझी अक्कल गहाण पडली होती. पंखा नाही म्हणजे डब्यालाच गरम व्हावं लागते, आतली उष्णता बाहेर यायला दुसरा रस्ताच नाही. तास दीड तास चालल्यावर पण डबा गार असेल तर उष्णता आतच कोंडली आहे. आणि पंखेवाला पीसी निदान आवाज करून सांगतो की आपल्याला त्रास होऊन राहिला, हा मुका. मी घरी आलेल्या प्रत्येकाला हात लावून दाखवत होतो, पाहा किती थंड! बाबा फक्त म्हणाले, "हे चालू हाय का बंद हाय?"

थंडीत कसंबसं निभलं. फोर के पिक्चर मात्र पहिल्या दिवसापासून अडकायचा, मी नेटला शिव्या देत होतो. भाच्यानं गेम लावला की दहा मिनिटात सगळं ढिम्म. मार्चमध्ये उन्हानं रंग दाखवला तसा पीसी आपोआप बंद पडायला लागला. तापमान पाहायचं सॉफ्टवेअर टाकलं तर प्रोसेसर ९७ डिग्रीवर आणि वेग ३.१ गिगाहर्ट्झवरून १.६ वर घसरलेला. प्रोसेसरचं नाव निघालं आय फाइव्ह २४००, म्हणजे २०११ चा, ९५ वॅट उष्णता टाकणारा. आय फाइव्ह तर होताच म्हणा, तेवढं खोटं नाही बोलला! मग जीपीयू-झेड टाकलं, म्हणजे ग्राफिक्स कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर, त्यात कार्डाच्या नावाआधी चक्क 'फेक' लिहून आलं. १०५० टीआय म्हणून विकलेलं कार्ड जीटीएस ४५० होतं, २०१० चं. कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, नाव बदललं की विंडोज बिचारं तेच नाव दाखवते, पण खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कोअर असतात, याच्यात १९२ च. फोर के का अडकायचं तेही कळलं, आजकाल फोर के पिक्चर ज्या एचईव्हीसी फॉरमॅटमध्ये येतात तो या दोघांपैकी कोणालाच येत नाही.

तालुक्याला रिपेअरवाल्या पोराकडे नेला. त्यानं सील तोडलं, आत पाहिलं अन् म्हणाला, "दादा, याचा फॅन काहून काढला?" कार्डावर पंख्याच्या स्क्रूची रिकामी भोकं, कापलेल्या वायरचा तुकडा लोंबतोय. प्रोसेसरवरचाही पंखा काढलेला. आणि ते हीट पाइप? खऱ्या हीट पाइपची दोन्ही टोकं बंद असतात, आत थोडंसं द्रव असते, ते वाफ होऊन उष्णता नेते. हे तीन पाइप ग्लू गननं भिंतीला चिकटवलेले, दुसरं टोक हवेत. पोरानं एक उपटला, फुंकर मारली, दुसऱ्या टोकानं हवा निघाली. फ्रीजची तांब्याची नळी होती.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० नंबरवर, फोन केला, तक्रार नंबर मिळाला. पण तो फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, मी दोन महिने डब्यावरून हात फिरवत बसलो होतो. नगदी दिले त्याचा तर पुरावाच नाही.

कोणाला घ्यायचाच असेल तर समोर खोलून दाखवायला सांगा, नाही म्हटलं की उठा. जनरेशनचा आकडा लिहून मागा. जीपीयू-झेड पेनड्राइव्हमध्ये सोबत न्या, इन्स्टॉल पण करावं लागत नाही. आणि तासभर जोर देऊन चालवून मगच डब्याला हात लावा. आपल्याकडं तर आणखी एक भानगड, २५ डिग्रीच्या खोलीत ७० वर राहणारा प्रोसेसर मे महिन्यात ४५ च्या खोलीत ९० ला टेकतो, म्हणून नुसते पिक्चर पाहायचे असतील तर एन १०० सारखा ६ वॅटचा प्रोसेसर बरा, गेमचा मोह असेल तर पंखा राहू द्या. तसंही उन्हाळ्यात कूलरपुढं कोणाला पीसीचा आवाज येतो?

परवा तीच जाहिरात दुसऱ्या नावानं दिसली, भाव २९ हजार, फोटोत मागं तोच हिरवा कूलर. मी मित्राच्या नंबरवरून विचारलं, जनरेशन कोणती? दोन मिनिटात उत्तर आलं, "लेटेस्ट आहे भाऊ. हात लावून पाहा, गरमच होत नाही."