नागलोकमधून परतल्यावर: काही महिन्यांनी लिहिलेला अनुभव

नागपूरच्या नागलोकमधला निवासी अभ्यासक्रम संपवून गावी आले, त्याला आता बरेच महिने झाले. आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. घर, शेत, भावकी आणि विहार समितीतले वाद यांत पुन्हा रुळल्यावर त्यातलं काय टिकलं, ते आता सांगता येतं.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. कामठी रोडवर मोठं आवार आहे, चालत्या बुद्धांची उंच सोनेरी मूर्ती आहे आणि तिथेच नागार्जुन प्रशिक्षण संस्था २००२ पासून चालते. मूळचे इंग्लंडचे धम्मचारी लोकमित्र १९७७ साली धम्मदीक्षेच्या वर्धापनदिनाला नागपुरात आले, तो जनसमुदाय त्यांनी पाहिला आणि पुढे ते भारतातच राहिले. त्यांच्या आणि त्रिरत्न बौद्ध महासंघाच्या कामातून हे केंद्र उभं राहिलं. अनेक राज्यांतली, मुख्यतः दलित घरांतली मुलं-मुली इथे येऊन राहतात. धम्म, ध्यान, बाबासाहेबांचा विचार आणि सामाजिक काम असा अभ्यास असतो.

माझ्या मते खरं शिक्षण एकत्र राहण्यातून झालं. आम्हा महाराष्ट्रातल्या मुलींना बाबासाहेब जन्मापासून घरातले. जयभीम म्हणायला कुणी शिकवावं लागत नाही. उत्तर प्रदेशातली एक मैत्रीण म्हणाली, आमच्याकडे जातीचा विषय निघाला की आई दार लोटून घेते. तामिळनाडूच्या मैत्रिणीने तिच्या मामाच्या गावची गोष्ट सांगितली, तीही कपडे वाळत घालता घालता: टपरीवर आपल्या लोकांचे ग्लास वेगळे, चहा प्यायचा, ग्लास आपणच विसळायचा आणि बाजूच्या फळीवर उपडा ठेवायचा. तिची हिंदी मोडकी, माझीही फार बरी नव्हती, पण ग्लास कसा धरायचा ते तिने हाताने करून दाखवलं. माझ्या आजीला पाणी वरून ओतायचे ते मी घरी कितीदा ऐकलं होतं, आणि ते जुन्या काळातलं आहे असं धरून चालले होते. त्या दुपारनंतर तसं धरता येईना. हे आपल्या एका वस्तीचं दुखणं नाही, देशभर पसरलेली व्यवस्था आहे, हे कळायला अशा मैत्रिणी लागतात.

ध्यानाचे दोन प्रकार शिकवले, आनापानसती आणि मैत्रीभावना. पहिल्यात श्वासाकडे लक्ष. सुरुवातीला मला नुसती झोप यायची. दुसऱ्यात भलं चिंतायचं, त्याचे पाच टप्पे: आधी स्वतः, मग जवळचा मित्र, मग ज्याच्याशी काही देणंघेणं नाही असा माणूस, मग ज्याचा राग येतो तो, आणि शेवटी सगळे. चौथा टप्पा फार जड जातो. ज्याने वडिलांना भर चौकात अरेतुरे केलं, त्याचं भलं चिंतायचं? माझ्या घशाशी आवंढा यायचा. मैत्री ठेवणं म्हणजे अन्याय सोसणं नव्हे, हे समजायला बरेच दिवस गेले. आज तोच माणूस ग्रामसभेत समोर बसलेला असताना माझा आवाज कापत नाही. मी मुद्दा मांडते आणि खाली बसते. या एका गोष्टीसाठी सगळे महिने वसूल झाले असं मी मानते.

बाबासाहेब तिथे प्रश्न विचारत विचारत वाचले. येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मध्ये २१ वर्षं का गेली? यावर आमचा वाद रात्री जेवणाच्या रांगेतही चालू होता. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं आणि भाषण वाचून ते संमेलनच रद्द केलं. मग बाबासाहेबांनी ते भाषण १९३६ साली स्वखर्चाने छापलं. हे मी आधी ओझरतं ऐकलं होतं, पण मूळ मजकूर ओळीओळीने पहिल्यांदाच वाचला. भिंतीवरच्या फोटोतला माणूस किती अभ्यास करून, किती जपून शब्द वापरत होता, ते तेव्हा उमगलं.

घरच्यांना हमखास पडणारा प्रश्न: बौद्ध म्हणून नोंद झाली तर सवलती जातील का? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता होता, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. त्यामुळे मूळ जात अनुसूचित असेल तर बौद्ध झाल्याने केंद्राचं आरक्षण जात नाही. इतर राज्यांतल्या मुलांना हे सांगणारं गावात कुणी नसतं आणि भीती मात्र खूप असते.

नोकरी हवी म्हणून जाणार असाल तर थांबा. हा स्पर्धा परीक्षेचा वर्ग नाही. इथून निघताना पगाराचं पत्र हातात पडत नाही, आणि मावशी अजून विचारते, "एवढे दिवस राहून मिळालं काय?" पदवी अर्धवट असेल तर ती पुरी करून जाणं बरं, असं मला मनापासून वाटतं. सकाळी उठून बसणं, संध्याकाळी पूजा, सगळ्यांसोबत राहणं, ही शिस्त ज्याला नकोच आहे त्यालाही तिथे करमणार नाही.

परत आल्यावर पहिले काही आठवडे फार एकटं वाटलं. तिथे सगळे एकमेकांचं ऐकून घेतात. इथे विहारात वर्गणीवरून आवाज चढतात. मी रविवारी मुलींचा वर्ग सुरू केला. आधी वंदना, मग थोडं ध्यान, मग वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून प्रत्येकीने त्यावर उभं राहून बोलायचं. कधी भरपूर मुली येतात, कापणीच्या दिवसांत दोघीच. इतर राज्यांतल्या मैत्रिणींशी फोनवर बोलणं चालू असतं. कुणाच्या गावात काही घडलं की तक्रार अर्ज कसा लिहायचा, कुणाला भेटायचं, ते एकमेकींना सांगतो.

आमच्या वर्गातल्या एकीला आता तिथे जायचं आहे. तिच्या वडिलांना मी हेच सांगितलं: ती कुणाच्या सांगण्यावरून जात नाही ना ते बघा, जाण्याआधी तिची हिंदी थोडी सुधारू द्या, आणि प्रवेश, मुदत, खर्च यांची चौकशी थेट संस्थेकडे करा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.