लॉगिनला डीएन ठेवावा की ईमेल पत्ता?

डिरेक्टरी (संस्थेतल्या माणसांच्या नोंदींचा मध्यवर्ती साठा) उभी करताना हा प्रश्न कधी ना कधी येतोच. माणसाला यंत्रणेत ओळखायचं कशाने? पूर्ण डिस्टिंग्विश्ड नेमने, म्हणजे डीएनने (डिरेक्टरीतली नोंदीची जागा सांगणाऱ्या पूर्ण नावाने), की साध्या ईमेल पत्त्याने? मी काही वर्षं डीएनवर काढली, आता ईमेलवर आहे.

डीएनची बाजू लंगडी नाही. 1988 च्या एक्स.500 या डिरेक्टरी-मानकामागची कल्पना देखणीच होती: देश, त्याखाली संस्था, त्याखाली विभाग आणि शेवटी माणूस. सगळ्या जगाचं असं एकच झाड कधी उभं राहिलं नाही, पण एका संस्थेपुरतं ते आजही छान चालतं. अख्ख्या विभागाला हक्क द्यायचे असतील तर झाडाची तेवढी फांदी धरली की काम झालं. ईमेल पत्त्यावरून यातलं काही कळत नाही.

माझं बिनसलं ते लिहिण्याच्या तऱ्हांवरून. एक साधन तेच नाव '/ओ=संस्था/ओयू=हिशेब/सीएन=अमुक' असं छापतं (ओ म्हणजे संस्था, ओयू म्हणजे विभाग, सीएन म्हणजे माणसाचं नाव). एलडॅपच्या, म्हणजे डिरेक्टरीशी बोलण्याच्या प्रोटोकॉलच्या, रीतीने (आरएफसी 4514 हा इंटरनेट-मानकाचा दस्तऐवज, 2006) ते उलट्या क्रमाने येतं: 'सीएन=अमुक,ओयू=हिशेब,ओ=संस्था'. संस्थेच्या नावातच स्वल्पविराम असेल तर त्याच्याआधी बॅकस्लॅश हवा. नाव एकच आणि दोन्ही रूपं बरोबर. पण ॲक्सेस लिस्ट, म्हणजे कुणाला आत घ्यायचं याची यादी, पुष्कळदा साधी टेक्स्ट फाइल असते, आणि तिथे अक्षराला अक्षर जुळावं लागतं.

माझ्या फाइलमध्ये ओळीला एक डीएन आणि त्यापुढे खात्याचं नाव असायचं. लोक सर्टिफिकेटने, म्हणजे ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याने, आत यायचे आणि त्यातल्या डीएनमध्ये ईमेलही घातलेला होता. एका सकाळी सर्व्हरवरची एक लायब्ररी अपग्रेड केली आणि कुणालाच आत जाता येईना. सर्टिफिकेटची मुदत संपलेली नव्हती, यादीत नावं होती, तरी नकार. दुपारी लॉगमधली ओळ आणि फाइलमधली ओळ एकाखाली एक ठेवून अक्षर-अक्षर वाचत गेलो, तेव्हा सापडलं. जुनी आवृत्ती 'ईमेल=' छापायची, नवी 'ईमेलॲड्रेस=' छापत होती. सर्टिफिकेट तेच होतं, बदलला होता फक्त छापण्याचा शब्द. त्या दिवशी फोन करणाऱ्यांना मी डीएन विचारत होतो आणि एकालाही तो सांगता येत नव्हता. ईमेल विचारला की लगेच मिळायचा. माझा कौल तिथेच ठरला.

दुसरं, माणसाची बदली झाली आणि नोंद नव्या विभागाखाली हलवली की डीएन बदलतो. जिथे जिथे जुना लिहिलाय तिथे तो शोधत बसा.

ईमेलमध्येही धोका आहे आणि तो लहान नाही. कुणी सोडून गेलं आणि त्याचा पत्ता नव्या माणसाला दिला, तर जुने हक्कही त्याच्या हाती जातात. म्हणून सोडलेला पत्ता पुन्हा कुणाला देऊ नये, आणि आतल्या नोंदी जोडायला एन्ट्रीयूयूआयडी (प्रत्येक नोंदीचा न बदलणारा ओळख-क्रमांक) वापरावा. नियमाप्रमाणे @ च्या डावीकडे लहान-मोठी अक्षरं वेगळी धरता येतात. प्रत्यक्षात तसं कुणी करताना मला दिसलेलं नाही, मी सगळं लहान अक्षरांत साठवतो.

तुमची सगळी कामं यंत्रा-यंत्रांतच होत असतील तर कदाचित डीएनच बरा पडेल. माणसं लॉगिन करणार असतील तर मी ईमेलच घेईन. त्यासाठी डीएन फेकून द्यावा लागत नाही. युजर ईमेल टाइप करतो, सर्व्हर 'मेल' ॲट्रिब्यूटवर (नोंदीतल्या ईमेलच्या रकान्यावर) शोध घेऊन डीएन काढतो आणि त्या डीएनने बाइंड करून, म्हणजे डिरेक्टरीत लॉगिन करून, पासवर्ड तपासतो. सर्टिफिकेटमध्येही ईमेलची जागा डीएनमध्ये नाही, सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम या वेगळ्या रकान्यात आहे. 2008 चा आरएफसी 5280 नव्या सर्टिफिकेटांसाठी तेच सांगतो.

फक्त सुरू करण्याआधी एक बघा. 'मेल'मधला पत्ता दोन नोंदींत सारखा नसावा, अशी सक्ती एलडॅप आपणहून करत नाही. ओपनएलडॅप या एलडॅप सर्व्हरमध्ये त्यासाठी 'युनिक' नावाचा ओव्हरले (जोड-मॉड्यूल) आहे, तो पहिल्याच दिवशी चालू करा.