जीपार्टेड लाइव्ह: जुन्या डिस्कची फेरवाटणी

आमच्या घरच्या जुन्या संगणकातील ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवर सी ड्राइव्ह काठोकाठ भरला होता आणि शेजारचा डी निम्म्याहून अधिक रिकामा होता. विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट अशा वेळी अपुरे पडते, कारण ते एखादा विभाग केवळ त्याला लागून पुढे असलेल्या मोकळ्या जागेतच वाढवू शकते, आणि डी लहान केला की जागा त्याच्या शेवटी सुटते, सीच्या शेजारी नव्हे. जीपार्टेड हे विनामूल्य साधन पेनड्राइव्हवरून सुरू होते आणि डीची सुरुवातच पुढे सरकवते. मात्र सरकवणे म्हणजे त्यातील सगळी माहिती नव्या जागी उतरवणे असल्याने जुन्या डिस्कवर हे काम तासन्‌तास चालते (आमच्याकडे जेवणे उरकून निजायची वेळ झाली, तरी पट्टी अर्धीच भरली होती), आणि मध्येच वीज गेल्यास माहिती गमावण्याचा धोका असतो. त्यामुळे यूपीएस असला तरी बॅकअप आधी घ्यावाच.

विंडोजचे फास्ट स्टार्टअप (संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून तो पुरता बंद न करणारी सोय) बंद करून संगणक पूर्णपणे बंद केल्याशिवाय एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या फाइल-रचनेच्या, विभागाचा आकार बदलायला जाऊ नये. डी एक्स्टेंडेड विभागाच्या, म्हणजे इतर विभाग पोटात घेणाऱ्या विभागाच्या, आत असेल, तर डीनंतर ते बाहेरचे कुंपणही लहान करावे लागते. नवखा माणूस येथेच अडखळतो. ‘अप्लाय’ दाबेपर्यंत सर्व बदल केवळ यादीत राहतात, ही सोय मला सर्वाधिक आवडली.